मोठ्या सेंटची पेटी : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

पेटी घरी आली. सिगारच्या जुन्या लाकडी डब्यात कागदी पाकिटांमधून ठेवलेले ४३ मोठे सेंट, अमेरिकेची जुनी तांब्याची नाणी. एका संग्राहकाच्या पश्चात घरच्यांनी सगळे एकगठ्ठा विकायला काढले होते. सरासरी १९ डॉलरला एक पडला. झिजलेले, ओरखडलेले, एकाच्या तर मधोमध भोक. मला असेच हवे होते, हातोहात फिरलेले.

आजचा अमेरिकी सेंट म्हणजे पेनी, आपल्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. पण १७९३ ते १८५७ या काळातला सेंट शुद्ध तांब्याचा आणि जवळजवळ राणीच्या रुपयाएवढा होता. त्याच्या दर्शनी बाजूला कुणी राजा नाही, राष्ट्राध्यक्ष नाही. एक स्त्री आहे, 'लिबर्टी' नावाची. या ६४ वर्षांत तिचा चेहरा, केस, टोपी, बघण्याची दिशा, सगळं पुन्हा पुन्हा बदललं. ते का बदललं हे मला मांडायचं आहे.

ठरवलंय ते असं: वर्षभरात प्रत्येक नाण्याची ओळख पटवायची. नुसतं साल नाही, ते ठशांच्या कोणत्या जोडीतून निघालं तेही शोधायचं. मग फोटो, मग पाट्या, आणि नोव्हेंबरात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या काचेच्या कपाटात मांडणी. पाट्या इंग्रजीत आणि मराठीत. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या आसपास मराठी वाचणारे काही कमी नाहीत.

पहिली वाटणी, लिबर्टीच्या रूपावरून पडलेल्या प्रकारांच्या नावांनी: लिबर्टी कॅप १, ड्रेप्ड बस्ट ९, क्लासिक हेड ४, कॉरोनेट २१, ब्रेडेड हेअर ८. सर्वांत आधीचे दोन प्रकार, चेन (मागे साखळी) आणि रीथ (मागे पानांची माळ), या पेटीत नाहीत आणि माझ्या खिशालाही झेपणारे नाहीत. त्यांच्या जागी छापील चित्रं लावीन. नकली नाणं ठेवणार नाही.

११ जानेवारी

सगळी नाणी तोलली. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा वजनकाटा सोनारकामाच्या दुकानातून घेतला होता, तो आज वसूल झाला.

वजन हा या नाण्यांचा जन्मदाखला आहे. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात टांकसाळ स्थापन झाली, तेव्हा सेंटमध्ये २६४ ग्रेन तांबं असावं असं ठरलं, म्हणजे १७ ग्रॅमच्या वर. एकही नाणं बाजारात जाण्याआधीच, जानेवारी १७९३ मध्ये, ते २०८ ग्रेनवर आलं. तांबं महागच होत गेलं आणि २७ डिसेंबर १७९५ ला वॉशिंग्टन यांनी ते आणखी उतरवून १६८ ग्रेनवर आणलं, म्हणजे १०.८९ ग्रॅम. मग १८५७ पर्यंत तेच राहिलं.

माझी बहुतेक नाणी १०.१ ते १०.८ च्या मधली. भोकाचं ९.८७. एकुलती एक लिबर्टी कॅप १०.३२. म्हणजे ती पातळ जातीची. जाड सेंटच्या कडेवर 'एक डॉलरला शंभर' अशा अर्थाची अक्षरं दाबलेली असत. चकती पातळ झाल्यावर कडेवर अक्षरांना जागाच उरली नाही. माझ्या नाण्याची कड गुळगुळीत आहे. झिजेने नाही, मुळातच. याचा अर्थ ते १७९५ च्या अखेरीचं किंवा १७९६ चं. सालाच्या जागी मात्र नुसती सपाट त्वचा.

१४ जानेवारी

संक्रांत. वाईहून बाबांचा फोन. तिळगूळ, थंडी, गुडघे झाल्यावर नाण्यांची चौकशी. फोटो पाहून म्हणाले, "अगं, किती काळी पडलीत! जरा चिंच लावून घास की, लखलखतील."

बाबांना समजावायला अर्धा तास लागला. आपल्याकडे देव्हाऱ्यातलं तांबं दर सणाला चिंचेने घासायचं हे अंगवळणी पडलेलं. आमच्या घरच्या तीन शिवराया आजीने अशाच उजळल्या होत्या. आज त्यांच्यावर 'श्री राजा शिव' मधला 'श्री' तेवढा लागतो. नाण्यावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नसतो. तांब्याने हवेशी दोनशे वर्षं बोलून अंगावर चढवलेली ती साय असते, आणि तिच्याखालचं तांबं तिच्यामुळेच टिकतं. आंबट पदार्थ तो थर खातो, सोबत अक्षरांच्या कडाही. घासलेलं नाणं गुलाबी, नागडं दिसतं आणि जाणकार ते हातातही घेत नाहीत.

माझी पद्धत: खिडकी उघडी ठेवून झायलीन या द्रावकाचे दोन थेंब, मेकअपच्या मऊ ब्रशने हलकेच फिरवायचं, कागदावर वाळवायचं. तेलकट काळेपणा निघतो, थर राहतो. हिरवा कळंक बसलेला असेल तर आठवडाभर मिनरल ऑइलमध्ये ठेवून गुलाबाच्या काट्याने उचकायचा. लोखंडी टोकाने तांब्यावर रेघ पडते, काट्याने पडत नाही.

२५ जानेवारी

आज पेटीबाहेरचं काम. आमच्या घरापासून गाडीने पाव तासावर राहवे नावाचं गाव आहे. तिथे १७८६ नंतर न्यू जर्सी राज्याची तांब्याची नाणी पाडली जात होती. फिलाडेल्फियाची टांकसाळ निघायच्या आधी कॉपर नाणी पाडण्याचा उद्योग राज्यांकडे होता: कनेटिकट, व्हर्माँट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सी. १ जून १७८६ च्या कायद्याने न्यू जर्सीने ३० लाख नाण्यांचा ठेका दिला आणि पाडलेल्या मालाचा दहावा हिस्सा राज्याने घ्यायचा ठरवला.

माझ्याकडे त्यातलं एक आहे, सहा वर्षांपूर्वी घेतलेलं. दर्शनी बाजूला घोड्याचं डोकं, खाली नांगर आणि भोवती 'नोव्हा सीझेरिया', म्हणजे न्यू जर्सीचंच लॅटिन नाव. मागे ढाल आणि 'इ प्लुरिबस युनम', अनेकांतून एक. हे बोधवाक्य नाण्यावर आधी इथे आलं, देशाच्या नाण्यांवर नंतर. नांगर पाहून बाबा म्हणाले होते, "हे तर शेतकऱ्याचं नाणं." खरंच आहे. राज्याच्या मुद्रेतच नांगर होते, ते तिथून नाण्यावर आले.

मांडणीची सुरुवात या नाण्याने आणि फुजिओ सेंटच्या चित्राने करायची. १७८७ चा फुजिओ पूर्ण देशासाठी काढलेला. कल्पना बेंजामिन फ्रँकलिन यांची मानतात. एका बाजूला सूर्य, छायाघड्याळ आणि 'फुजिओ', लॅटिनमध्ये 'मी पळतो'. बोलतोय तो काळ. खाली 'आपल्या कामाकडे लक्ष द्या' अशा अर्थाची ओळ. मागे तेरा कड्या एकमेकींत अडकवलेल्या, मध्ये 'आम्ही एक आहोत'. या कड्या लक्षात ठेवायच्या. पुढे त्यांच्यावरूनच गोंधळ झाला.

१० फेब्रुवारी

काल राष्ट्राध्यक्षांनी अर्थखात्याला नवे पेनी पाडणं थांबवायला सांगितलं. गेल्या आर्थिक वर्षात एक सेंटचं नाणं पाडायला ३.६९ सेंट पडत होते. दिवसभर डोक्यात तेच. मग पहिल्या सेंटची पाटी आजच लिहायला घेतली.

१७९२ चा कायदा होताना सेनेटच्या मसुद्यात राष्ट्राध्यक्षाचं डोकं नाण्यावर घालायचं होतं. प्रतिनिधीगृहाने ते काढून टाकलं. राजाचं तोंड नाण्यावरून पुसायला लढाई केली, आता दुसरं तोंड कशाला? त्याऐवजी स्वातंत्र्याचं द्योतक असलेली प्रतिमा आणि 'लिबर्टी' हा शब्द, असं ठरलं. कायद्याने एवढंच सांगितलं. ती दिसते कशी, हे ठसा कोरणाऱ्यावर सोडलं.

म्हणून मार्च १७९३ चा पहिला सेंट, चेन सेंट, इतका विलक्षण आहे. पुढे मोकळ्या, मागे उडणाऱ्या केसांची स्त्री. मागे १५ कड्यांची साखळी, तेव्हाच्या १५ राज्यांची. फुजिओच्या कड्यांचाच हा वंश, एकीची खूण. पण लोकांना दिसली बेडी. एका वर्तमानपत्राने लिहिलं की मागची साखळी हा स्वातंत्र्यासाठी अपशकुन आहे, आणि लिबर्टी स्वतःच घाबरलेली दिसते. ज्या देशात त्या वेळी लाखो माणसं खरोखरच्या बेड्यांत होती, तिथे साखळी कुणी निव्वळ एकी म्हणून वाचली नसती तर नवल नाही. काढणाऱ्याच्या मनात काय होतं याला बाजारात किंमत नसते. पाहणाऱ्याला काय दिसतं तेच चालतं.

एकूण ३६,१०३ चेन सेंट निघाले. लगेच साखळी जाऊन मागे पानांची माळ आली. अगदी पहिल्या ठशावर तर 'अमेरिका' शब्द पुरा मावलाच नाही, कोरणाऱ्याने 'अमेरि.' लिहून टिंब दिलं. देशाचं नाव अपुरं असलेला देशाच्या टांकसाळीचा पहिला सेंट. मला ही चूक फार जवळची वाटते. जागेचा अंदाज चुकला आणि हात पुढे गेला होता, इतकंच.

२२ फेब्रुवारी

ड्रेप्ड बस्टचे नऊ. आज सकाळी आठला बसले, उठले तेव्हा दिवे लागले होते.

ज्यांना ही गोष्ट नवी आहे त्यांच्यासाठी नीट लिहून ठेवते, कारण अख्ख्या छंदाचा गाभा इथे आहे. नाणं पाडायला दोन पोलादी ठसे लागतात, वरचा आणि खालचा. मध्ये तांब्याची चकती ठेवायची, माणसांनी स्क्रू-प्रेसचा दांडा ओढायचा. सुरुवातीला पूर्ण चेहरा ठशावर हाताने कोरत. पुढे डोक्याचा एक पंच, म्हणजे पोलादी छाप, करून तो ठशात ठोकू लागले, त्यामुळे चेहरे सारखे येऊ लागले. पण अक्षरं, आकडे, पानांमधली फळं आणि अपूर्णांक अजूनही एकेक करून हातानेच ठोकले जात. पोलाद फुटे, नवा ठसा करावा लागे, आणि कुठलेही दोन ठसे तंतोतंत सारखे होत नसत. एकात सालातला शेवटचा आकडा छातीच्या वस्त्राला टेकलेला, दुसऱ्यात केसभर दूर. एकात पानाचं टोक अक्षराच्या पायाखाली, दुसऱ्यात दोन अक्षरांच्या फटीत. जात्याला टाकी लावणाऱ्याचा हात जसा जात्यावर ओळखू येतो, तसा हा हात तांब्यावर वाचता येतो.

डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १७९३ ते १८१४ च्या सेंटच्या ठशांच्या जोड्यांना क्रमांक दिले. संग्राहक आजही 'एस' लावून तेच क्रमांक वापरतात. नाण्याची अवस्था १ ते ७० मध्ये मोजण्याची पद्धतही त्यांचीच. ती मुळात १७९४ च्या सेंटच्या किमतीवरून आली: अगदी झिजलेला जर एक डॉलरचा, तर जवळजवळ निर्दोष सत्तर डॉलरचा. किमतींचं ते गणित केव्हाच मोडलं. सत्तरचा आकडा मात्र जगभरच्या नाण्यांना चिकटला.

आजची कमाई: १८०१ चा एक सेंट. मागे माळेखाली अपूर्णांक असतो, एक छेद शंभर. भिंग लावलं आणि थांबले. छेदात १०० नाही, ००० आहे. कुणीतरी शून्याचा पंच तीनदा ठोकला. लेकीला हाक मारली. ती आठवीत आहे. म्हणाली, "आई, शून्याने भागता येत नाही!" टांकसाळीने मात्र भागलं होतं.

याच १८०१ मध्ये 'तीन चुकांची' म्हणून प्रसिद्ध जोडी आहे: हाच अपूर्णांक, माळेचा डावा देठ गायब, आणि 'युनायटेड'चं पहिलं अक्षर दोन उभ्या रेघांसारखं. माझ्या नाण्यावर देठ झिजलाय, पण तिरक्या उजेडात दोन्हीकडे दिसतो. म्हणजे ती प्रसिद्ध जोडी नव्हे, हीच चूक असलेली दुसरी. एस-२२०. क्षणभर हिरमोड झाला, मग नाही. चूक तर खरी आहे, आणि ती माझ्या टेबलावर आहे.

बाकी आठांपैकी सहांची ओळख पटली. दोन उरले.

८ मार्च

आज हात पोळता पोळता वाचला. एका प्रदर्शनात विक्रेत्याने १७९९ चा सेंट दाखवला. १७९९ हे या मालिकेतलं सर्वांत दुर्मीळ सालांपैकी एक. मागितलेली किंमत खऱ्याच्या मानाने बरीच कमी. मन आधीच घरी पोचलं होतं.

मग आमच्या नाणेसंग्राहकांच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला शिकवलेलं आठवलं: आधी मागची बाजू बघ. सालाचा आकडा कुणीही कोरील. मागचा ठसा बदलणं कुणाला जमत नाही. १७९८ च्या ८ चा खालचा भाग खरवडून ९ करणं ही शंभरेक वर्षं जुनी लबाडी आहे. अस्सल १७९९ च्या दोनच जोड्या आहेत, त्यांच्या मागच्या ठशांचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. पानं जुळली नाहीत. मग शेवटच्या ९ जवळ भिंग नेलं. आकड्याभोवतीचं पटांगण किंचित खोल, आणि रंग वेगळा. विक्रेत्याला सांगितलं. त्यांनी नाणं मुकाट्याने बाजूला ठेवलं. त्यांना ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

३० मार्च

पाडवा. संध्याकाळी गुढी उतरवताना तांब्याचा गडू हातात आला आणि थोडा वेळ तसाच धरून राहिले. पहिल्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला तांबं मिळेना, तेव्हा त्यांनी जुनी भांडी, भंगार असं मिळेल ते विकत घेऊन वितळवलं. कुणाच्या तरी घरचा पाणी तापवायचा बंब त्या पहिल्या सेंटमध्ये आहे. त्या चकत्यांवर भेगा आणि काळे डाग का दिसतात, ते यावरून कळतं.

आज एवढंच. श्रीखंड खाऊन भिंग धरवत नाही.

१२ एप्रिल

फिलाडेल्फिया. लेक सोबत. आधी सेव्हंथ स्ट्रीट. पहिल्या टांकसाळीच्या विटांच्या इमारती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. आज तिथे फलक आणि सरकारी इमारत. लेकीला निराशा वाटली. मला नाही, मला ते अंतर पायांनी मोजायचं होतं. या गल्लीत घोडे गोल फिरून लाटणयंत्र चालवत होते आणि त्यातून तांब्याचे पत्रे निघत होते.

इथेच १७९३ च्या उन्हाळ्यात पीतज्वर आला. शहरात सुमारे ५,००० माणसं गेली. त्यांत जोसेफ राइट होता, लिबर्टी कॅप सेंटचा कोरीवकार. साखळीवर टीका झाली, मग रीथ आला, आणि राइटने तिसरा चेहरा दिला. त्याच्यासमोर ऑगस्टाँ दुप्रे या फ्रेंच कलावंताने पॅरिसमध्ये केलेलं 'लिबर्टास अमेरिकाना' पदक होतं. त्यातली तरुणी, मागे उडणारे केस आणि खांद्यामागे काठीवर टोपी. ती टोपी रोमची. गुलामाला मुक्त करताना त्याच्या डोक्यावर घालत ती. घाबरलेली बाई गेली, शांत बाई आली, आणि ज्याने तिला आणलं तो सप्टेंबरात गेला. पुढच्या वर्षी तिचे ठसे रॉबर्ट स्कॉटने कोरले.

१७९४ चे ठसे इतके वेगवेगळे आहेत की १८६९ मध्ये डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी त्यांना नावं दिली, पुराणकथांतल्या देवतांची आणि वैद्यकातल्या शब्दांची. एका मागच्या ठशावर तर कडेच्या दातेरी नक्षीमध्ये ९४ बारीक तारे ठोकलेले आहेत. कुणी आणि का, याचा कागद नाही. माझ्या मते वर्षाचा आकडा ९४ आणि तारे ९४ हा योगायोग आहे, पण सुंदर योगायोग आहे.

परतताना गाडीत लेकीने विचारलं, "मग ही बाई नक्की कोण?" कुणीच नाही, आणि म्हणूनच प्रत्येक कोरीवकाराला ती वेगळी दिसली. १७९६ ची ड्रेप्ड बस्ट चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट यांच्या रेखाटनावरून आल्याचं सांगतात.

१३ एप्रिल

रात्री झोप आली नाही म्हणून सालहीन लिबर्टी कॅप पुन्हा काढली. सगळे दिवे बंद. एकच टॉर्च, टेबलाच्या पातळीवर आडवा. नाणं एकेक अंश फिरवत गेले. जिथे दिवसा काहीच नव्हतं तिथे एका क्षणी सावली पडली: आडवी छोटी रेघ आणि तिच्या टोकाला खाली वळलेली ओळ. पाचाची पताका. सहाच्या माथ्यावर अशी रेघ नसते.

१७९५. दाबामुळे आकड्याखालचं तांबं घट्ट होतं. वरचं झिजलं तरी आकार दिसत राहतो. तीन महिने ते समोरच होतं, उजेड मी चुकीच्या बाजूने देत होते.

१७ मे

या प्रकल्पातला माझा सर्वांत आवडता दिवस. क्लबातल्या त्या ज्येष्ठांनी १७९५ चा अर्धा सेंट फोटोसाठी उसना दिला. लिबर्टीच्या मानेजवळ, जिथे काही नसायला हवं, तिथे दुसऱ्याच अक्षरांच्या पुसट रेघा आहेत.

त्या रेघा न्यूयॉर्कच्या टॅल्बट, ऑलम अँड ली या पेढीच्या टोकनच्या. ही पेढी भारताशी व्यापार करायची. सुट्ट्या नाण्यांचा तुटवडा होता म्हणून तिने १७९४ आणि १७९५ सालाची स्वतःची तांब्याची टोकन बर्मिंगहॅममध्ये पाडून आणली, एका बाजूला जहाज आणि दुसऱ्या बाजूला उभी लिबर्टी. फिलाडेल्फियाला चकत्यांची वानवा होती. टांकसाळीने हजारो टोकन विकत घेतली, त्यांतून अर्ध्या सेंटच्या चकत्या कापल्या आणि त्यांच्यावर स्वतःचा ठसा मारला. कधी कधी जुन्या नाण्याची सावली राहून गेली. मसाले आणि कापड आणणाऱ्या जहाजाचा तुकडा अमेरिकी लिबर्टीच्या गळ्याखाली.

हे बाबांना सांगितलं तर त्यांनी कपाटातून आपला डबा काढला आणि एका नाण्याचा फोटो पाठवला. मुंबई इलाख्याचं, १७९४, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीच्या गाठोड्याची खूण आणि दुसऱ्या बाजूला तराजू, मध्ये फारसी लिपीत न्यायाचा शब्द. मी खुर्चीतून उठलेच. मुंबईचं हे तांबं बर्मिंगहॅमजवळ सोहोला मॅथ्यू बोल्टन यांच्या वाफेवर चालणाऱ्या टांकसाळीत पाडलेलं. आणि १७९० च्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फियाने भंगार वितळवणं सोडून ज्याच्याकडून तयार चकत्या मागवायला सुरुवात केली, तो हाच बोल्टन. पिंपांत भरून जहाजाने येत असत त्या. माझ्या पेटीतल्या १८०१ च्या सेंटची चकती बहुधा तिथलीच, गुळगुळीत, एकसारखी.

बाबा म्हणाले, "म्हणजे तुझं नाणं नि माझं नाणं एकाच गावचं की."

बाबांच्या नाण्याचा फोटो मांडणीत घालणार. त्यांनी परवानगी दिली, अट एकच: चिंच लावली नाही असं पाटीवर लिहायचं.

२१ जून

क्लासिक हेडचे चार झाले. १८०८ ते १८१४, जॉन राइश या जर्मनीतून आलेल्या कोरीवकाराचं काम. इथे लिबर्टीने दिशा बदलली. तोवर सेंटवर ती उजवीकडे बघत होती, आता डावीकडे. केसांना पट्टी, पट्टीवर तिचंच नाव, भोवती १३ तारे. या काळचं तांबं मऊ, नाणी लवकर काळवंडतात. माझे चारही कोळशासारखे आहेत, पण मला त्यांचा तो रंग आवडतो.

१८१५ चा सेंट नाही. ब्रिटनशी १८१२ मध्ये युद्ध पेटलं, चकत्यांचा पुरवठा थांबला, साठा संपला. मांडणीत त्या सालाची जागा रिकामी ठेवायची.

१६ ऑगस्ट

कॉरोनेट, २१ नाणी. या लिबर्टीचा चेहरा जड आहे, पोक्त. मला ती कधी आवडली नाही. दीड महिना तिच्यासोबत काढून आता थोडी आवडते. या काळच्या जोड्यांना हॉवर्ड न्यूकम यांचे क्रमांक लावतात. १८१७ मध्ये एका ठशावर १३ ऐवजी १५ तारे पडलेत, माझ्याकडे तो नाही. २१ पैकी १९ लागले. १८३६ मध्ये टांकसाळीत वाफेवर नाणी पाडणारं यंत्र आलं आणि त्यानंतरची नाणी हळूहळू एकमेकांसारखी होत जातात. ओळखायला सोपी, वाचायला रुक्ष.

३० ऑगस्ट

ब्रेडेड हेअरचे आठ एका बैठकीत. ख्रिश्चन गोब्रेख्ट यांचं काम, १८३९ पासून, बांधलेली वेणी, तरुण चेहरा. देखणी नाणी. लिहिण्यासारखं कमी.

४ ऑक्टोबर

मराठी पाट्या. 'लिबर्टी'ला काय म्हणायचं यावर चार रात्री गेल्या. 'स्वातंत्र्य' म्हटलं की आपल्या कानाला १९४७ ऐकू येतं, देशाचं स्वातंत्र्य. 'मुक्ती' म्हटलं की मोक्षाकडे जातं. त्या टोपीचा अर्थ तर गुलामाच्या डोक्यावरची टोपी, एका माणसाची सुटका. शेवटी 'लिबर्टी' हेच नाव ठेवलं आणि पहिल्या पाटीवर तीन ओळींत तिची ओळख करून दिली. साखळीच्या पाटीवर गुलामगिरीचं वाक्य लेकीच्या आग्रहाने दोन्ही भाषांत सारखंच ठळक केलं.

१३ नोव्हेंबर

काल फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा शेवटचा पेनी पाडला. मार्च १७९३ पासून २३२ वर्षं. आज संध्याकाळी आमची मांडणी उघडली, तारीख ऑगस्टमध्येच ठरली होती.

शेवटची पाटी रात्री बसून बदलली. त्यात १८५७ ची हकिकत वाढवली. तेव्हाही तांबं महाग पडू लागलं होतं, मोठा सेंट बोजड झाला होता. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने तो आणि अर्धा सेंट दोन्ही बंद झाले. २५ मे ला जुनी नाणी देऊन नवे छोटे, उडत्या गरुडाचे सेंट घ्यायला टांकसाळीच्या आवारात रांगा लागल्या. आणि मग लोकांना लहानपणची मोठी तांब्याची नाणी आठवू लागली. एकेका सालाचा एक एक बाजूला काढून ठेवायची ओढ लागली. या देशातला नाणी जमवण्याचा छंद तिथून वाढला. माझी पेटी त्याच ओढीतून कुणाच्या तरी घरी भरली असणार.

शेवटच्या खाचेत लेकीने किराणा दुकानातल्या सुट्ट्यांतून काढलेला २०२५ चा पेनी ठेवला. जस्ताचा, वर तांब्याचा मुलामा. २.५ ग्रॅम. त्याच्या शेजारी १७९५ ची लिबर्टी कॅप, आडव्या छोट्या दिव्यासह, म्हणजे पाचाची पताका दिसते. दिवा कसा धरायचा हे ग्रंथपालबाईंना दाखवलं.

४३ पैकी ३८ ची ठशापर्यंत ओळख लागली. उरलेली ५, त्यात भोकाचं एक. ती शनिवारी क्लबात न्यायची आहेत. टॉर्चच्या बॅटऱ्या संपल्यात, आणायच्या.